कॅपाडोकिया: ग्रीन टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

गोधडी | १८ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०:४२

दसऱ्याच्या सुट्टीला जोडून आम्ही तिघं (मी, नवरा आणि सासूबाई) तुर्कस्तानात जाऊन आलो. इस्तंबूलवर इथे पोत्यानं लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. कॅपाडोकियाचं म्हणाल तर लोक बलूनचे फोटो टाकतात आणि विषय संपतो. आमचं बलून दोन्ही पहाटे वाऱ्यामुळे रद्द झालं. त्यामुळे हा धागा जमिनीवरचा आणि जमिनीखालचा.

आधी रंगांचा घोळ सांगते. गोरेमे गावातल्या जवळपास प्रत्येक टूरवाल्याच्या पाटीवर 'रेड' आणि 'ग्रीन' लिहिलेलं असतं. रेड म्हणजे उत्तरेकडची फेरी: गोरेमेचं खुलं संग्रहालय, उचहिसारचा किल्ला, पाशाबा, देवरेंत, अवानोसचे कुंभार. सगळं जवळजवळ. ग्रीन म्हणजे दक्षिणेकडची: भूमिगत शहर, इहलाराची दरी, सेलिमेचा मठ. ही लांबची, एका टोकाला सत्तर-ऐंशी किलोमीटर. आम्हाला धड असा एकच दिवस होता. नवऱ्याचं मत रेड, माझं ग्रीन. आईंनी निकाल दिला, "लांबचं आहे तिथे गाडीनं जाऊ. जवळचं उद्या सकाळी पायी बघता येईल तेवढं बघू." झालं.

सव्वानऊला मिनीबस हॉटेलच्या दारात. आम्ही धरून चौदा जण. गाइड नेवशेहिरचीच, पंचविशीची पोरगी. त्यांच्या प्रजासत्ताकाची शंभरी २९ ऑक्टोबरला होती, म्हणून गावोगावी लाल झेंडे लागलेले.

पहिला थांबा गोरेमेच्या डोक्यावरचा कडा. खाली अख्खी दरी सुळक्यांनी भरलेली, काही टोकदार, काहींच्या डोक्यावर काळपट दगडाचं झाकण. आई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी भाताच्या मुदी पाडून ठेवल्यात गं. वाढायला मात्र कुणी आलं नाही." तुर्की लोक त्याला पेरीबाजासी म्हणतात. पेरी म्हणजे आपली परीच, आणि बाजा म्हणजे धुराडं. पऱ्यांची धुराडी. इथे वीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा मी फोटोत घालवली, त्याचं आता वाईट वाटतंय.

मग देरिनकुयू. नावाचा अर्थ 'खोल विहीर'. वरून बघितलं तर साधं तालुक्याचं गाव, एक चौक, भोपळ्याच्या बिया नि बाहुल्या विकणाऱ्या बायका, आणि जवळच १९ व्या शतकातलं कुलूपबंद चर्च. १९६३ साली एका माणसानं घराची डागडुजी करताना भिंत फोडली, पलीकडे खोली निघाली, त्या खोलीतून बोगदा निघाला. १९६९ पासून लोकांना आत सोडतात. खोली सुमारे ८५ मीटर म्हणतात, सगळे मजले खुले नाहीत, पण आहेत तेवढे पुरतात. वीस हजार माणसं मावत असं गाइडनं सांगितलं, आणि "मोजायला तेव्हा कुणी नव्हतं" असंही स्वतःच सांगितलं. इथेच ती मला आवडली.

वरचा मजला गुरांचा. दगडातच कोरलेल्या गव्हाणी, दावं बांधायला भिंतीत पाडलेली आरपार भोकं. आईंनी त्या भोकात बोट घालून बघितलं. आतली कड गुळगुळीत झालेली, दोर घासून घासून. "गाय चांगली ओढाळ होती," असा अभिप्राय. मग द्राक्षं तुडवायचं कुंड, कोठारं, आणि बोगद्याच्या तोंडाशी जात्याच्या तळीसारखा उभा गोल दगड. माणसाच्या छातीएवढा, मधोमध भोक. शत्रू आला की तो आतून घरंगळवून वाट बंद करायची, बाहेरून धरायला काही नाही. भोकातून बघायचं, वेळ आली तर भाला खुपसायचा. ७ व्या शतकापासून अरबांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा इथली ख्रिस्ती गावंच्या गावं अशी खाली उतरायची.

तिसऱ्या की चौथ्या मजल्यावर जाताना बोगदा एकेरी होतो आणि छत खाली येतं. माझा नवरा सहा फूट. दहा-बारा पावलं ओणव्यानं गेला, थांबला, कपाळाला दरदरून घाम. मागे माणसं, पुढे माणसं. गाइडनं आवाज न चढवता मागच्यांना भिंतीला चिकटवलं आणि त्याला हाताला धरून वर नेऊन सोडलं. तेवढ्या वेळात आम्ही तिथेच उभ्या. आई ४ फूट १० इंच, त्यांना फारसं वाकावंच लागलं नाही. त्या तळापर्यंत उतरल्या, खालचं क्रुसाच्या आकाराचं चर्च बघितलं, हवेच्या उभ्या विहिरीत डोकं घालून वर बघितलं, गार झुळूक आली म्हणाल्या, आणि वर येऊन लेकाला म्हणाल्या, "तुझ्या बाबांची उंची घेतलीस, काय उपयोग."

इहलाराबद्दल थोडक्यात. दरी साधारण १४ किलोमीटर, टूरमध्ये तीन-साडेतीन चालवतात. सपाट माळावरून जाताना दरी आहे हे कळतच नाही, काठावर गेल्यावर एकदम शंभर मीटर खाली हिरवंगार. पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतरायच्या. खाली मेलेंदिज नदी, पॉपलरची झाडं ऑक्टोबरात पिवळी झालेली, कड्यात चर्चं. पायऱ्यांच्या तळाशीच आआचआल्ती, म्हणजे 'झाडाखालचं' चर्च आहे, त्याच्या घुमटातले रंग अजून ताजे आहेत. बेलिसिर्मा गावात नदीकाठी जेवण.

सेलिमे शेवटी. उंच डोंगरउतारात कोरलेला मठ, चढ घसरडा. इथे आईंचं नि गाइडचं खरं जमलं. एका खोलीचं छत वर निमुळतं होत गेलेलं, आणि आतून काळंकुट्ट. गाइड विचारते, ही खोली कसली असेल सांगा. कुणी म्हणालं प्रार्थनेची, कुणी कैदखाना. आईंनी मला मराठीत सांगितलं, "स्वयंपाकघर. धूर बघ की." मी भाषांतर केलं. ती खूश. मग दोघी खाली बसून जमिनीतला खड्डा बघायला लागल्या. तिच्या भाषेत तो 'तांदिर', आपला तंदूरच. उरलेला दिवसभर ती आईंना 'आन्ने' म्हणत होती, म्हणजे आई.

आता तक्रार. सेलिमेला आम्हाला पस्तीस मिनिटं मिळाली. तिथून परतताना एका खड्यांच्या नि दागिन्यांच्या दुकानात पन्नास मिनिटं. आधी दगड कसा कापतात त्याचं दोन मिनिटांचं नाटक, मग मोठा हॉल आणि प्रत्येक जोडप्यामागे एक विक्रेता. त्यामुळे कबुतरांच्या दरीत पोहोचलो तेव्हा उजेड जात आला होता, दहा मिनिटांत "चला चला". कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चौकशी केली तर बहुतेकांचं हेच गणित दिसलं. दुकानाचा थांबा नको असेल तर पैसे भरण्याआधी विचारा आणि लेखी घ्या. काही जण थोडे जास्त पैसे घेऊन बिनदुकानाची फेरी देतात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझं मत असं झालंय की भूमिगत शहर गाइडशिवाय बघू नये, आणि वरच्या दऱ्या गाइडबरोबर बघू नयेत. ज्यांचं वेगळं असेल त्यांनी लिहा.

---

वाटाणा | ११:०५

मी पयला! फराळ करता करता वाचलं. शाकाहारी माणसानं बेलिसिर्मात काय खायचं? आणि फोटो कुठायत?

---

एकटाजीव | ११:३८

लेख छान, निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग पटला. पहिला नाही. छत्री वर धरलेल्या माणसामागे फिरायचं म्हणजे शाळेची सहल. मी २०१८ मध्ये पाच दिवस गोरेमेत होतो, एकही टूर घेतली नाही. गुल्लूदेरे (गुलाबी दरी), किझिलचुकुर (लाल दरी), मेस्केंदिर ह्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. गोरेमेतून सकाळी निघायचं, भाकरी-चीज पिशवीत, दुपारपर्यंत चावुशिनला. वाटेत सुळक्यांत कोरलेली चर्चं लागतात, कुलूप नाही, एखाद्या ठिकाणी म्हातारा संत्र्याचा रस विकत बसलेला. गावातली कुत्री आपणहून बरोबर येतात नि रस्ता दाखवतात, गाइडपेक्षा बरी, दुकानात नेत नाहीत.

दुपारच्या उन्हात त्या दरीला काही रंग नसतो. पाच वाजता बघा. दगडाचा पिवळा, मग नारिंगी, मग जांभळट. तिथे तासभर नुसतं बसावं लागतं, आणि टूरच्या वेळापत्रकात 'बसणे' नावाचा थांबा नसतो.

---

गोधडी | १२:२०

वाटाणा, मसुराचं सूप (मेर्जिमेक चोर्बा, चोर्बा म्हणजे शोरबाच) जवळपास सगळीकडे मिळतं. लिंबू पिळलं की आपलं सार. भाज्यांचा मातीच्या भांड्यातला रस्सा मिळाला, बाकीच्यांना ट्राउट मासा. ताक आहेच, आयरान. आईंनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढून भातावर घातली आणि समोर बसलेल्या कोरियन मुलीलाही दिली. तिनं दुसऱ्यांदा मागितलं. गोरेमेत गोझलेमे खा, बटाट्याचा किंवा पालकाचा पराठा म्हणा, बायका समोर लाटून देतात. फोटो संध्याकाळी टाकते, नवऱ्याचा लॅपटॉप रुसलाय.

एकटाजीव, कुत्र्यांचं खरंय! पण इहलाराला बसनं कसे गेलात? आम्ही चौकशी केली तर दोन ठिकाणी बस बदलायची नि संध्याकाळी परतीचा भरवसा नाही.

---

एकटाजीव | १२:३१

गेलोच नाही :)

---

काळापाषाण | १:१५

भूगर्भशास्त्र शिकवत होतो, निवृत्त झालो तरी खोड जात नाही. त्या मुदींबद्दल आणि झाकणांबद्दल लिहितो.

तिथे एर्जियेस (३,९१७ मीटर) आणि हसन दाग (३,२६८ मीटर) हे दोन मोठे ज्वालामुखी दिसतात आणि गाइड मंडळी सगळं श्रेय त्यांना देतात. खरं तर राखेचा बराचसा भाग त्यांच्याही आधीच्या मुखांतून आला, जी आज जमिनीवर ओळखूही येत नाहीत. साधारण १ कोटी वर्षांपूर्वीपासून तापलेल्या राखेचे लोट पुन्हा पुन्हा आले आणि थरावर थर बसले. राख, प्युमिसचे (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडाचे) खडे आणि बारीकसारीक तुकडे दाबून झालेला हा खडक म्हणजे टफ. खिळ्यानं ओरखडा पडतो इतका मऊ. पण सगळे थर सारखे नाहीत. जिथे राख जास्त तापलेली होती तिथे ती चिकटून घट्ट झाली, काही ठिकाणी वर लाव्हा पसरला. म्हणजे मऊ थरावर कडक पापुद्रा.

पाणी भेगांतून शिरतं, हिवाळ्यात गोठतं, पापुद्र्याचे तुकडे होतात. ज्या तुकड्याखाली मऊ खडक आहे तो पावसात छत्रीखाली उभ्या माणसासारखा कोरडा राहतो, शेजारचा वाहून जातो. असा सुळका तयार होतो. छत्री पडली की त्याचे दिवस भरले: आधी टोक येतं, मग तो बसका होत जातो. गोधडी, तुम्ही पाहिलेल्या टोकदार मुदी आणि झाकणाच्या मुदी ह्या अशा एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या वयाच्या असू शकतात.

इहलाराचा वरचा कडा पाहिलात का? उभ्या भेगा पडलेल्या, खांब ओळीनं लावल्यासारखे. तो सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीचा घट्ट थर. थंड होताना आकसला आणि तडकला. तत्त्व तेच जे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं, फक्त तिथे राख आणि इथे लाव्हा, आणि आपला ६.६ कोटी वर्षांचा. (अंधेरीत जन्म गेला पण गिल्बर्ट हिल पाहिली नाही अशांनी हात वर करा.)

---

शंकेखोर | १:४०

हात वर. रोज लोकलमधून जातो.

सर, एक शंका. वेरूळही डोंगरात कोरलेलं आणि हेही. मग आपल्याकडे लोक लेण्यांत राहिले का नाहीत? भिक्षू सोडून म्हणतोय, संसारी माणसं.

---

काळापाषाण | २:२५

चांगली शंका आहे. उत्तर दगडात आहे असं मला वाटतं. कैलास लेणं बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कठीण दगडात आहे. तिथे हातभर खोल जायला कसलेला पाथरवट, चांगली छिन्नी आणि महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे पाठीशी राष्ट्रकूट कृष्ण राजासारखा कुणीतरी हवा. टफमध्ये शेतकरी कुदळ घेऊन हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत एक खोली पाडतो. पोरगा झाला, अजून एक खोली. त्यात आणखी सोय अशी की ताजा कापलेला टफ मऊ असतो आणि हवा लागल्यावर पृष्ठभाग हळूहळू कडक होतो. त्यामुळे आपल्याकडे लेणी झाली आणि त्यांच्याकडे लेणीही झाली, गोठेही झाले, कोठारंही झाली. ओर्ताहिसारच्या आसपास अशाच कोरीव तळघरांत आजही भूमध्य किनाऱ्यावरची लिंबं साठवतात, विजेशिवाय गार राहतात.

दुसरी बाजूही आहे. मऊ दगड पडतोही. झेल्वेची वस्ती दरड कोसळण्याच्या भीतीनं १९५२ मध्ये हलवावी लागली, आज ते नुसतं बघायचं ठिकाण आहे.

---

भाषावेडा | २:५०

कॅपाडोकिया म्हणजे 'सुंदर घोड्यांचा देश' ना? शिवाय हा मुळात संस्कृत शब्द असणार. 'कटपटुक' असं काहीतरी जुनं नाव होतं. अश्व, पटु... जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

शंकेखोर | २:५८

प्रकाश टाकायला आलो, हलकेच घ्या. 'कतपतुक' हे जुन्या पर्शियनमधलं नाव, इराणी सम्राट दारियसच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात येतं. घोड्यांचा अर्थ टूरवाल्यांचा लाडका आहे, अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. अश्व त्यात शोधूनही सापडत नाही. पुढच्या पोस्टीत कोणी गोरेमे म्हणजे 'गौरीमाई' म्हणू नये ही विनंती.

---

मोरपंखी | ४:१२

आम्ही रेड केली होती, त्याबद्दल लिहिते म्हणजे धागा दोन्ही रंगांचा होईल.

गोरेमेचं खुलं संग्रहालय म्हणजे सुळक्यांत कोरलेल्या मठांचा नि चर्चांचा एक खोलगट पट्टा. १९८५ पासून गोरेमेचा हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. आम्ही दुपारी अकराला गेलो, हे चूक. सगळ्यांच्या टूर तेव्हाच तिथे. एकेका चर्चमध्ये आठ-दहा माणसं सोडतात आणि रखवालदार मिनिटं मोजतो. कारानलिक, म्हणजे अंधारं चर्च, ह्याला वेगळं तिकीट आहे. नवरा म्हणाला सोडू, मी सोडलं नाही. आत एकच छोटी खिडकी, उजेड कमी, म्हणूनच रंग टिकले. निळा तर असा की आत्ता ब्रश उचललाय. फोटो काढू देत नाहीत, आणि बरंच झालं. सगळे जण मोबाइल खिशात ठेवून माना वर करून उभे होते. डोळे मात्र बऱ्याच संतांचे खरवडलेले.

एक महत्त्वाचं: तोकाली चर्च फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उतारावर आहे आणि ते त्याच तिकिटात बघता येतं. आमच्या टूरमध्ये गाइड ते सांगायला विसरला किंवा वेळ नव्हता. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तिकीट कचऱ्यात टाकलं होतं. तिथलं मोठं दालन सगळ्यांत भारी आहे. तिकीट जपून ठेवा.

देवरेंतला 'उंट शोधा' हा खेळ असतो. सापडतो. मग सगळ्यांना सगळ्यात काहीतरी दिसायला लागतं, माझ्या लेकीला एका दगडात आमच्या शाळेच्या बाई दिसल्या. पाशाबाला दोन-तीन डोक्यांचे सुळके आहेत, काळापाषाण सरांनी सांगितलेली छत्री तिथे सगळ्यांत नीट कळते.

अवानोसला कुंभाराकडे नेतात. किझिलिर्माक नदीची लाल माती (नदीच्या नावाचाच अर्थ 'लाल नदी', तुर्कस्तानातली सर्वांत लांब, १,३५५ किलोमीटर), पायानं फिरवायचं चाक. हेही दुकानच आहे शेवटी, पण इथे मला राग आला नाही. माणसानं समोर तीन मिनिटांत झाकणासकट साखरेचं भांडं केलं आणि झाकण पहिल्या फटक्यात बसलं. खड्यांच्या दुकानाची गोष्ट वेगळी.

---

सोसायटी_सेक्रेटरी | ५:०३

कबुतरांच्या दरीबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही? आम्ही इथे बाराही महिने जाळ्या लावतोय आणि ते लोक कबुतरांसाठी डोंगरात घरं कोरतात?

---

गोधडी | ५:२६

कोरतात आणि दारावर रंगीत नक्षीही काढतात! उचहिसारखाली कड्यात शेकडो चौकोनी भोकं आहेत. विष्ठा गोळा करून द्राक्षमळ्याला नि बागेला खत म्हणून घालायची, राखेच्या जमिनीला तेवढाच कस. वर्षातून एकदा खोली उघडायची, खरवडायची, पुन्हा चिणून बंद करायची, कबुतरांना यायला भोकं ठेवून. आईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या गॅलरीत दहा वर्षांचं सोनं वाया गेलं."

---

हिंगाष्टक | ७:४८

डॉक्टर आहे, त्यामुळे रंगाचा बेरंग करतो, माफी.

ह्याच भागातल्या करायन, तुझक्योय, सारिहिदिर ह्या गावांची नावं छातीच्या रोगांच्या पुस्तकांत आहेत. १९७० च्या दशकात इझ्झेत्तिन बारिश ह्या तुर्की डॉक्टरांच्या लक्षात आलं की करायनसारख्या छोट्या गावात मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, अविश्वसनीय प्रमाणात आहे. हा आजार सहसा ॲस्बेस्टॉसच्या कामगारांना होतो, आणि इथे तर शेतकरी. कारण निघालं एरिओनाइट, राखेच्या खडकात तयार होणारं तंतुमय खनिज. त्याच दगडाची घरं, तोच दगड भिंतीला, त्याचीच धूळ पोरं जन्मल्यापासून श्वासात घेणार. ॲस्बेस्टॉसपेक्षाही घातक मानलं जातं. पुढे तिथली वस्ती नव्या जागी हलवायला घेतली.

---

गोधडी | ७:५५

अहो डॉक्टर, आम्ही दिवसभर त्या गुहांत होतो! रात्री हॉटेलही गुहेतलंच!

---

हिंगाष्टक | ८:१०

घाबरू नका. सगळ्या टफमध्ये हे खनिज नसतं, ठरावीक गावांच्या आसपासच ते सापडलं. ती गावं नेहमीच्या टूरच्या वाटेवर नाहीत. आणि तिथल्या लोकांचा संबंध जन्मभराचा होता, तुमचा दोन दिवसांचा. लिहिलं एवढ्यासाठी की करायनची माणसंही ह्याच दगडात राहत होती आणि त्यांच्याकडे टूर जात नाही.

---

एकटाजीव | ८:३४

हे माहीत नव्हतं. पाच दिवस फिरलो आणि हे कुणी सांगितलं नाही, अर्थात विचारायला बरोबर कुणी नव्हतंच. देरिनकुयूचं वाचून वाटतंय की ते एक चुकलं माझं. मी कायमाक्लीच्या भूमिगत शहरात एकटा गेलो होतो, बाण बघत बघत वीस मिनिटांत बाहेर. गव्हाण वगैरे काही कळलं नाही, खड्डे वाटले. दावं बांधायची भोकं मी दिव्याची समजलो होतो.

---

गोधडी | ८:५२

आणि त्या भूमिगत गावांचं आणखी एक जे गाइडशिवाय मला कधीच कळलं नसतं. देरिनकुयूत ग्रीक ऑर्थोडॉक्स वस्ती होती, अगदी १९२३ पर्यंत. लोझानच्या करारानंतर लोकसंख्येची अदलाबदल झाली: इथले ख्रिस्ती ग्रीसला, तिथले मुसलमान इकडे. धर्म बघून. ह्यातले कित्येक जण घरात तुर्कीच बोलायचे, आणि ती लिहायचे ग्रीक अक्षरांत. भाषा न येणाऱ्या देशात 'मायदेशी' म्हणून पाठवले. चौकातलं ते कुलूपबंद चर्च त्यांचं. गाइडचे पणजोबा तिकडून आलेले, सालोनिकाच्या बाजूचे. तिनं हे बसमध्ये माइक बंद करून पुढच्या तीन सीटना सांगितलं, त्यात आम्ही होतो. प्रजासत्ताकाच्या शंभर वर्षांचे झेंडे बाहेर दिसत होतेच, ही शंभर वर्षं मात्र पाटीवर कुठे नव्हती.

---

निवांत७४ | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

धागा आवडला, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. माझे वडील ७४ वर्षांचे, गुडघे बेताचे, श्वास ठीक. एप्रिलमध्ये नेतोय. ग्रीन झेपेल का? की रेडच घेऊ?

---

मोरपंखी | ८:०५

रेड घ्या. जिथे नको वाटेल तिथे बसून राहता येतं, गाडी जवळच असते.

---

गोधडी | ९:३०

निवांत, तीन ठिकाणी अडेल. देरिनकुयू: खाली जाणं सोपं, वर येताना उंच पायऱ्या आणि ओणवं, मध्ये थांबायला जागा कमी. वरचे दोन मजले बघून परत फिरता येतं, तिथेच गोठा आणि कुंड आहे, गाइडला आधी सांगून ठेवा म्हणजे ती तिथे जास्त वेळ थांबेल. इहलारा: पायऱ्या उतरायच्याच असतील तर कठडा आहे. नको असेल तर गाडी बेलिसिर्माला जातेच, वडिलांना ड्रायव्हरबरोबर तिकडे सोडायला सांगा, नदीकाठी चहा पीत बसतील. आमच्या गाडीतल्या एका स्पॅनिश आजोबांनी तेच केलं आणि आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा तिसरा चहा चालू होता. सेलिमे: चढ भुसभुशीत, वाळूवरून पाय सरकतो. तिथे खालीच थांबवा, स्वयंपाकघर सुदैवाने फार वर नाही, पण हात धरायला माणूस हवा.

बुटांचं आईंना विचारलं. त्यांनी पाठीमागे पट्टा असलेल्या सॅंडल घातल्या होत्या, सेलिमेत दोनदा घसरल्या, तरी "सॅंडलच बऱ्या, आत गेलेली वाळू झटकता येते" म्हणतायत. त्यांचं ऐकू नका. रबरी तळाचे बूट द्या. आणि एप्रिलमध्ये सकाळी थंडी असते, कानटोपी विसरू नका.